घोडनदीची गार आणि वाघाचा डोळा

गुरुजी, शिरूरला घोडनदीत किंवा दौंडला भीमेच्या वाळूत गारगोटी सापडली, की मुले विचारतात, “ह्याचा अंगठीत खडा होईल का?” होईल की! काळ्या खडकाच्या पोकळीत जन्मलेली ती अकीकाच्या गोतातली. पण सोनाराकडल्या ‘टायगर आय’चा सोनेरी पट्टा तिच्यात शोधू नका. तो दगड मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतला. त्यात बारीक तंतू एकाच दिशेने असतात. रेशमाच्या रिळावर उजेडाची रेघ धाग्यांना आडवी पडते ना, तसाच हा पट्टा. म्हणून तळ तंतूंना समांतर ठेवून वर घुमट घडवावा. तिरपा कापला, की डोळा मिटलाच समजा! खडा अपारदर्शक, तेव्हा कोंदण खालून बंद असले तरी चालते. घासताना मात्र पाणी सोडत राहा. गारेच्या कोरड्या धुळीने खंबायतच्या कित्येक अकीक-कारागिरांना सिलिकोसिस जडला आहे.