विजेच्या गाडीचा ताप : खरा कीं खोटा ?

मालवण, कुडाळ, वेंगुर्लें या बाजूच्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या दुचाकी व मोटारी आतां आमच्या विद्यार्थ्यांस अपरिचित राहिल्या नाहींत. रात्रीं गाडी चार्जिंगला लावावी, आणि सकाळीं पाहावें तों बॅटरी रिकामीच व पडद्यावर तापमानाच्या दोषामुळें चार्जिंग बंद झाल्याची सूचना, असा अनुभव कांहीं घरीं येतो. अशा वेळीं कोणी म्हणतो, "बॅटरी गेली", कोणी म्हणतो, "सेन्सर बिघडला, काढून टाका." हे दोन्ही निर्णय घाईचे होत. रोग्यास खरोखर ताप आहे कीं तापमापकच बिघडला आहे, हें वैद्य आधीं पाहतो. येथेंही प्रथम तेंच पाहिलें पाहिजे. तें कसें, याचा थोडा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

तापमानाची एवढी चौकशी कशासाठीं ? या गाड्यांत बहुधा लिथियम जातीचे विद्युद्घट असतात. शून्य अंशाखालीं ते चार्ज केले तर आंत लिथियम धातूचा थर सांचूं लागतो. सुमारें ४५ अंशांपलीकडे चार्ज केले तर घटांचें आयुष्य घटतें. आणि उष्णता फारच वाढली तर एका घटाची आंच शेजारच्यास लागून सर्व पेटी पेटूं शकते. म्हणून बॅटरीवर देखरेख करणारें एक नियंत्रक यंत्र असतें. तें तापमान पाहून चार्जिंग मंद करतें किंवा थांबवितें. ता. २६ मार्च २०२२ रोजीं पुण्यांत लोहगांव येथें रस्त्याच्या कडेस उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. त्या वर्षीं देशांत अशा आणखीही घटना घडल्या. तेव्हां केंद्र सरकारनें बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक केले व ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं लागू केले.

नियंत्रकास तापमान कळविणारा साक्षीदार म्हणजे थर्मिस्टर. धातूची तार तापली कीं तिचा विद्युत्‌-रोध वाढतो. या थर्मिस्टरचा मात्र कमी होतो. हा उलटा गुण मायकेल फॅरडे यांस १८३३ सालीं चांदीच्या सल्फाइडांत आढळला होता. नेहमींच्या एका जातीच्या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांस १०,००० ओहम, शून्य अंशास सुमारें ३३,००० व ५० अंशांस सुमारें ३,६०० ओहम असतो. नियंत्रकास उष्णता दिसत नाहीं; त्यास हा रोध तेवढा कळतो, व त्यावरून तो अंश ठरवितो. तार तुटली तर रोध अपार होतो, आणि नियंत्रकास वाटतें कीं भयंकर थंडी पडली आहे. दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर रोध नाहींसा होतो, आणि त्यास वाटतें कीं आग लागली आहे.

आतां परीक्षेकडे वळूं. कारागिराच्या तपासणी-यंत्रावर प्रत्येक सेन्सरचा आंकडा वाचतां येतो. रात्रभर सावलींत उभ्या असलेल्या गाडीचे सर्व आंकडे एकमेकांशीं व बाहेरच्या हवेशीं जवळजवळ जुळले पाहिजेत. तीन सेन्सर २७ अंश सांगत असतां चौथा उणे ४० सांगूं लागला, तर तो खोटा, हें सांगण्यास शास्त्रज्ञ नको. मालवणांत पाणी कधीं गोठत नाहीं.

दुसरी खूण वेळेची. खरी उष्णता भरतीच्या पाण्यासारखी हळूहळू चढते. आंकडा क्षणांत ३० वरून १२० वर उडाला, किंवा तार हलवितांच बदलला, तर दोष तारेंत अथवा जोडणींत समजावा. उलटपक्षीं, चार्जिंग सुरू होऊन अर्ध्या तासानें आंकडा सावकाश वाढत गेला, तर उष्णता खरीच असण्याचा संभव अधिक. ती पुष्कळदां प्लगाच्या सैल जोडणींत उत्पन्न होते. १५ ॲम्पिअर प्रवाहाच्या वाटेंत केवळ ०.१ ओहम रोध आला, तरी १५ × १५ × ०.१ म्हणजे २२.५ वॅट उष्णता तेथें निघते. लहान डाग देण्याची इस्त्री साधारण २५ वॅटची असते, हें ध्यानांत घ्यावें.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे खारा वारा. त्यानें जोडणीच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. दोन पिनांमध्यें ओल शिरून ३०,००० ओहमची चोरवाट झाली, तर १०,००० चा रोध ७,५०० भासतो आणि २५ अंशांचे ३२ होतात. असा सेन्सर उगीच ओरडतो. परंतु पिनेवरच गंज चढून २,००० ओहम वाढले, तर ५० अंशांचा ३,६०० चा रोध ५,६०० भासतो, व नियंत्रकास सुमारें ३९ अंशच कळतात. असा सेन्सर खरा ताप लपवितो. पहिल्यानें चार्जिंग अडतें. दुसऱ्यानें घर धोक्यांत येतें. म्हणून पावसाळ्यापूर्वीं व नंतर जोडण्या तपासून घेणें येथें विशेष अगत्याचें आहे.

बॅटरीची पेटी घरीं कधींही उघडूं नये. तींतील दाब प्राणघातक असूं शकतो. घाट चढून आलेली गाडी थोडी निवूं द्यावी, अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट वापरावा, आणि प्लग हातास चटका देईल इतका तापला तर मुख्य बटण बंद करून इलेक्ट्रिशियनास बोलवावें. सेन्सरच्या जागीं ठराविक रोधाचा तुकडा बसवून सूचना बंद करून देणारे कारागीरही आढळतात. गाडी त्यानें चार्ज होते खरी. पण मग पेटी कितीही तापली तरी नियंत्रकास सदा २५ अंशच कळतात. खोटी साक्ष देणाऱ्यास आम्ही दोष देतों. मग खोटा साक्षीदार विकत घेऊन तो आपल्याच ओटीवर, मुलें निजतात त्या खोलीच्या भिंतीलगत, कां ठेवावा? साक्षीदार बिघडला असेल तर तो बदलावा. खरें सांगत असेल तर त्याचें ऐकावें.