पित्ताशयाची दुर्बीण शस्त्रक्रिया व उदरातील वायुदाब

पित्ताशयाची दुर्बीण शस्त्रक्रिया व उदरातील वायुदाब : पोटाच्या भित्तीत तीन-चार लहान छिद्रे पाडून एकातून उदरदर्शक (पोटाचा आतील भाग दाखविणारी नलिकाकार दुर्बीण) व इतरांतून लांब दांड्यांची हत्यारे घालून खड्यांनी विकृत झालेले पित्ताशय काढून टाकतात. या पद्धतीत पोट उघडले जात नसल्यामुळे हत्यारे हलविण्यास लागणारी जागा कृत्रिम रीत्या निर्माण करावी लागते. त्यासाठी उदरगुहेत कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून पोटाची भित्ती तंबूच्या कापडाप्रमाणे वर उचलून धरतात. दाब जास्त असल्यास शस्त्रक्रियातज्ञास जागा अधिक मिळते, परंतु रुग्णाच्या शरीरावरील ताणही वाढतो.

पोट उघडून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये केली. उदरात हवा भरून आत पाहण्याचा प्रयोग गेऑर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्यावर करून दाखविला. वायू भरण्यासाठी आजही वापरात असलेली सुई हंगेरीतील यानोश व्हेरेश यांची असून ती मूळात क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी तयार केलेली होती. दाब आपोआप नियंत्रित करणारे यंत्र जर्मनीतील कुर्ट झेम यांनी प्रचारात आणले. त्यावाचून पुढची प्रगती कठीण होती. एरिख म्यूए यांनी १९८५ मध्ये या पद्धतीने पहिले पित्ताशय काढले. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथम केली. रोगनिदानासाठी उदरदर्शकाचा वापर ते १९७२ पासूनच करीत होते.

कार्बन डाय-ऑक्साइड निवडण्याची कारणे दोन : तो पेट घेत नाही, त्यामुळे विद्युत् उपकरणाने रक्तस्राव थांबविणे निर्धोक ठरते, आणि तो रक्तात सहज विरघळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. हाच गुण थोडा अडचणीचाही आहे. वायू पर्युदरातून (उदरगुहेच्या अस्तरातून) रक्तात शोषला जात असल्यामुळे शुद्धिहरणतज्ञास कृत्रिम श्वसनाचे प्रमाण वाढवावे लागते.

दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत, म्हणजे रक्तदाबाच्याच एककात, मोजतात. प्रचलित दाब १२ ते १५ मिमी. असतो. रोहिणीतील १२० मिमी. दाबाच्या मानाने हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण तुलना तेथे करावयाची नसते. उदरातील मोठ्या नीलांमधील दाब मुळातच अगदी कमी असल्यामुळे एवढ्याशा दाबानेही त्या दबतात, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, पायांत रक्त साचते आणि वृक्क व यकृत यांकडील रक्तप्रवाह मंदावतो. मध्यपटल वर ढकलले गेल्याने फुप्फुसांचे खालचे भाग आकुंचित होतात. पर्युदर एकदम ताणले गेल्यास प्राणेशा तंत्रिका उत्तेजित होऊन नाडी अतिशय मंद होऊ शकते. म्हणून वायू प्रारंभी सावकाश भरतात. निरोगी मनुष्य हे सारे तास-दीड तास सहन करतो. हृदयविकार वा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्या रुग्णाची गोष्ट मात्र वेगळी.

शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्ण पोटापेक्षा उजवा खांदा दुखत असल्याची तक्रार करतात व नातेवाईक बुचकळ्यात पडतात. मध्यपटलाची तंत्रिका आणि खांद्याच्या त्वचेच्या तंत्रिका मानेतील त्याच मज्जारज्जुखंडांतून निघतात. त्यामुळे मध्यपटलाचा ताण व त्याखाली उरलेल्या वायूचा क्षोभ मेंदूला खांद्याचे दुखणे म्हणून जाणवतो. ८ ते १० मिमी. दाब ठेवल्यास ही वेदना कमी होते, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे.

मग सर्वांसाठी कमी दाबच का नको? पित्ताशय नलिका, यकृताकडून येणारी नलिका आणि यकृताची खालची कड यांमधील त्रिकोणी जागेत समाईक पित्तनलिका चुकून कापली जाणे, ही या शस्त्रक्रियेतील सर्वांत भयंकर आपत्ती होय. दृश्य अपुरे असल्यास हा धोका वाढतो व त्यापुढे खांद्याचे दुखणे किरकोळ ठरते. विविध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ मधील परीक्षणानुसार सुमारे ९०% रुग्णांत शस्त्रक्रिया कमी दाबाने पूर्ण होऊ शकली. परंतु ती तितकीच सुरक्षित आहे किंवा नाही, हे ठरविण्यास पुरावा अपुरा असल्याचे त्यात नमूद आहे. इजा विरळ असल्यामुळे लहान चाचण्यांत ती दिसत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. २००२ मधील यूरोपीय मार्गदर्शनानेही ठराविक आकडा न देता पुरेसे दृश्य देणारा किमान दाब वापरावा, असेच सुचविले होते. प्रस्तुत लेखकास हेच धोरण योग्य वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न रोजगाराशीही निगडित आहे. लवकर कामावर परतता येत असल्याने ही शस्त्रक्रिया गरिबांनाच अधिक उपयोगी आहे, असे उडवाडिया आग्रहाने मांडीत. छत्रपती संभाजीनगरमधील मुकुंदवाडीसारख्या, चिकलठाणा औद्योगिक वसाहतीलगतच्या वस्तीतील रोजंदारी कामगारास खांदेदुखीने आणखी दोन दिवस घरी बसावे लागले, तर तेवढी मजुरी बुडते.

व्यवहारात छिद्रे पाडताना दाब नेहमीइतका ठेवून नंतर तो हळूहळू उतरवितात. स्नायू पुरेसे शिथिल केलेले असल्यास कमी दाबातही जागा मिळते. डोक्याकडील बाजू उंच करून रुग्णास डावीकडे कलते केले, म्हणजे आतडी आपोआप दूर सरकतात. दाह तीव्र असल्यास, चिकटलेले भाग आढळल्यास किंवा रक्तस्राव झाल्यास दाब पुन्हा वाढवितात. आणि एवढ्यानेही रचना ओळखता आली नाही, तर पोट उघडतात. शेवटी छिद्रे मोकळी ठेवून, फुप्फुसे फुगवून व पोट हलके दाबून राहिलेला वायू काळजीपूर्वक बाहेर काढतात. हे काम दोन-चार मिनिटांचे असले, तरी घाईत तेच बहुधा राहून जाते.