पडद्यावरून मैदानात उतरलेली मोटार

घरातला मुलगा तासन् तास पडद्यासमोर बसून मोटारी पळवू लागला की आईवडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात. ‘याने उद्या पोट भरणार आहे का?’ हा प्रश्न ठरलेलाच! पण एका जपानी मोटारीने या प्रश्नाला अनपेक्षित उत्तर दिले. चार भिंतींच्या आड खेळणाऱ्या काही मुलांना तिने खरोखरीच्या शर्यतींत नेऊन बसवले, त्यांच्या गळ्यात विजयाच्या माळा घातल्या. आणि खेळ व वास्तव यांतले अंतर किती जीवघेणे असते, हेही तिनेच दाखवले. या मोटारीचे नाव निसान जीटी-आर निस्मो जीटी३.

खेळाने घडवलेली गाडी

‘ग्रान टूरिस्मो’ हा व्हिडिओ गेम डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला. त्याचे निर्माते काझुनोरी यामाउची हे स्वतः मोटारींचे वेडे. पडद्यावरची गाडी खऱ्या गाडीसारखीच वळली पाहिजे, तिचे ब्रेक तसेच लागले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि जगभरातील मुलांना निसानच्या ‘स्कायलाइन जीटी-आर’ या गाडीचे नाव तोंडपाठ झाले. ऑस्ट्रेलियातील एका मोटारविषयक मासिकाने १९८९ मध्येच या गाडीला ‘गॉडझिला’ हे टोपणनाव दिले होते.

२००७ मध्ये नवी जीटी-आर बाजारात आली, तेव्हा एक नवलाची गोष्ट घडली. चालकासमोरच्या पडद्यावर वेग, तापमान, इंजिनावरचा ताण अशी माहिती दाखवण्याची जी सोय होती, तिची रचना यामाउचींच्या ‘पॉलिफनी डिजिटल’ या कंपनीनेच केली होती. आजवर खेळ गाडीची नक्कल करीत होता. आता गाडीनेच खेळाकडून काही घेतले!

याच गाडीची शर्यतीसाठी केलेली आवृत्ती म्हणजे जीटी३. दुकानातल्या जीटी-आरची चारही चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात. शर्यतीच्या गाडीत हा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. आतली गुबगुबीत आसने काढून टाकलेली, चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, मागे भला थोरला पंख. इंजिन मात्र त्याच जातीचे, ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे आणि दोन टर्बो असलेले. २०१३ च्या ‘ग्रान टूरिस्मो ६’ मध्ये ही शर्यतीची गाडी दाखल झाली. जर्मनीतील नूर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत यामाउचींनी स्वतः जीटी-आर चालवली आहे.

नव्वद हजारांतून एक

मोटारशर्यत हा पैशांचा खेळ. आठ-दहा वर्षांच्या वयापासून छोट्या कार्ट गाड्यांवर पाण्यासारखा पैसा ओतावा, तेव्हा कुठे एखाद्याला संधी मिळते. मग व्हिडिओ गेममधून चालक शोधता येतील का? २००८ मध्ये निसान आणि सोनी यांनी ‘जीटी अकादमी’ सुरू केली. घरबसल्या खेळात सर्वांत वेगवान ठरणाऱ्यांना बोलवायचे, खऱ्या गाडीत बसवायचे, त्यांच्या शरीराची आणि मनाची परीक्षा घ्यायची व शेवटी एकाची निवड करायची, अशी ही योजना होती. पहिला विजेता होता स्पेनचा लुकास ऑर्डोन्येझ. व्यवस्थापनाचे शिक्षण घेणारा हा तरुण २०११ मध्ये ल मांसच्या जगप्रसिद्ध २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला!

त्याच २०११ मध्ये कार्डिफ शहरात वाढलेला १९ वर्षांचा जान मार्डनबरो सुमारे ९० हजार स्पर्धकांतून निवडला गेला. त्याचे वडील व्यावसायिक फुटबॉलपटू होते. पण मोटारशर्यतींचा खर्च त्या घराला परवडणारा नव्हता. पुढच्याच वर्षी अॅलेक्स बनकोम या सहकाऱ्यासह ब्रिटिश जीटी स्पर्धेत तो जीटी-आर जीटी३ चालवू लागला. ही पोरे इतकी वेगवान निघाली, की २०१३ च्या मोसमासाठी अकादमीच्या नवशिक्यांना प्रवेश द्यायलाच संयोजकांनी नकार दिला. हौशी चालकांच्या गटात त्यांना घेणे इतरांवर अन्याय ठरेल, हे त्याचे कारण!

फेब्रुवारी २०१५ मध्ये तर कमालच झाली. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची १२ तासांची डोंगरी शर्यत जीटी-आर जीटी३ ने जिंकली. तिच्या तीन चालकांपैकी वुल्फगँग राइप आणि फ्लोरियान स्ट्राउस हे दोघे अकादमीतून आलेले, म्हणजे मूळचे खेळाडू पडद्यावरचे. तिसरा, जपानचा कात्सुमासा चियो, याने शेवटच्या फेऱ्यांत पुढच्या गाड्यांना मागे टाकून विजय खेचून आणला.

आणि तो काळा दिवस

या विजयाला दोन महिनेही उलटले नव्हते. २८ मार्च २०१५. नूर्बुर्गरिंगचा उत्तरेकडचा जुना मार्ग, लांबी जवळजवळ २१ किलोमीटर. घनदाट जंगलातून चढत-उतरत जाणाऱ्या या मार्गाला ‘हिरवा नरक’ म्हणतात. हा मार्ग २००४ पासून ‘ग्रान टूरिस्मो’तही आहे, त्यामुळे त्याचे प्रत्येक वळण जगभरच्या असंख्य मुलांना पाठ!

या मार्गावर ‘फ्लुगप्लाट्झ’ नावाची जागा आहे. या शब्दाचा अर्थच विमानतळ. तेथे रस्ता चढतो आणि अचानक उतरतो. वेगात आलेल्या गाडीचे पुढचे टोक त्या चढावर हलके होते. त्या दिवशी मार्डनबरोच्या जीटी-आरच्या पुढच्या भागाखाली हवा शिरली, गाडी उचलली गेली आणि कुंपण ओलांडून प्रेक्षकांच्या बाजूला जाऊन कोसळली. एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला, काही जण जखमी झाले. मार्डनबरो बचावला.

घरून आनंदाने शर्यत पाहायला गेलेला एक माणूस परतलाच नाही. या दुःखाला कोणताही विजय भरपाई देऊ शकत नाही. जीटी३ गाड्यांना त्या मार्गावर काही काळ बंदी झाली, धोक्याच्या ठिकाणी वेगमर्यादा आल्या. पुढे फ्लुगप्लाट्झचा चढउतार सौम्य करण्यात आला, कुंपणे वाढवण्यात आली आणि २०१६ मध्ये वेगमर्यादा उठल्या.

मार्डनबरोने शर्यती सोडल्या नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये तो ल मांसला उतरला, नंतर जपानमध्ये शर्यती करीत राहिला. २०२३ मध्ये त्याच्या जीवनावर ‘ग्रान टूरिस्मो’ हा चित्रपट आला. पडद्यावरच्या नायकासाठी वेगाची धोकादायक दृश्ये मार्डनबरोने स्वतः गाडी चालवून दिली. मात्र चित्रपटात अपघात आधी आणि ल मांसमधले यश नंतर दाखवले आहे. प्रत्यक्षात ते यश २०१३ चे, म्हणजे अपघाताच्या आधीचे. त्या प्रेक्षकाच्या मृत्यूला नायकाच्या यशाची पायरी बनवल्याबद्दल चित्रपटावर टीकाही झाली.

खेळ शिकवतो ते, आणि न शिकवतो ते

ब्रेक कोठे दाबावा, वळण कोणत्या बाजूने कापावे, चूक झाल्यावर मन शांत कसे ठेवावे, हे खेळ उत्तम शिकवतो. बंद गाडीतली भट्टीसारखी उष्णता, वळणावर मानेवर येणारा ताण आणि पोटातली भीती हे मात्र पडद्यावर नसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे गाडी आपटली की एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. म्हणूनच अकादमीत निवडलेल्या मुलांना थेट शर्यतीत न सोडता आधी व्यायाम, सराव आणि खऱ्या गाडीवरचे कसून शिक्षण दिले जाई.

२०१६ नंतर अकादमीची स्पर्धा झाली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या जीटी-आरचे उत्पादनही थांबले. पण २०२२ च्या ‘ग्रान टूरिस्मो ७’ मध्ये जीटी३ गाडी पुन्हा आली आहे. आपल्या मुलाच्या पडद्यावर ती दिसली, तर लगेच ओरडून त्याला उठवू नये. घटकाभर शेजारी बसावे, बाथर्स्टचा विजय सांगावा आणि फ्लुगप्लाट्झची ती दुपारही सांगावी. उद्या तो खरी मोटारसायकल हाती घेईल, तेव्हा दुसरी गोष्ट त्याच्या जास्त उपयोगी पडेल.