झोपेचे घड्याळ मागे पडते तेव्हा

परतवाड्याला भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे १२ वाजतात, तेव्हा खरी मध्यान्ह झालेलीच नसते! आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आणि परतवाडा त्याच्या पश्चिमेस सुमारे ५ अंश. दर अंशाला ४ मिनिटे धरली, तर सूर्य तेथे सरासरी २० मिनिटे उशिरा मध्यान्हीला येतो. म्हणजे घड्याळे झाली दोन, एक भिंतीवरचे व एक आकाशातले. तिसरे घड्याळ मात्र तुमच्या डोक्यात आहे.

१७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप काळोखात ठेवले. ऊन नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत. सजीवांना स्वतःचे घड्याळ असते, याची ही चाहूल होती. माणसाचे घड्याळ मेंदूच्या तळाशी असते. अंधार पडला की त्याच्या सूचनेवरून 'मेलॅटोनिन' हे संप्रेरक रक्तात उतरू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते.

काही मुले सतत चुळबुळ करतात, हातातले काम अर्ध्यावर टाकतात, वस्तू हरवतात. घरी व शाळेत दोन्हीकडे हे दीर्घकाळ चालले, तर डॉक्टर तपासून 'ए. डी. एच. डी.' असे निदान करतात. (निदान डॉक्टरांनीच करायचे, वर्गमित्रांनी नव्हे!) यांपैकी अनेकांना रात्री लवकर झोप लागत नाही. २००५ साली नेदरलँड्समधील संशोधकांना असे आढळले, की झोप न लागणाऱ्या अशा मुलांत मेलॅटोनिन सुमारे पाऊण तास उशिरा वाढू लागते. म्हणजे हा आळस नव्हे; घड्याळच मागे पडलेले असते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी उडते, आणि बोलणी मात्र मुलालाच बसतात.

मग घड्याळ पुढे कसे न्यावे? गंमत अशी, की त्याला किल्ली सकाळी द्यायची असते. सकाळचा प्रकाश ते पुढे सरकवतो, रात्रीचा मागे ढकलतो. म्हणून रोज, अगदी रविवारीही, ठरलेल्या वेळी उठावे आणि अर्धा तास अंगणात उजेडात काढावा. रात्री दिवे मंद करावेत, मोबाईल दूर ठेवावा. संध्याकाळी चहा टाळावा, कारण त्यातले कॅफीन निम्मे व्हायलाच सुमारे ५ तास लागतात. झोप येताना शरीराचे तापमान किंचित उतरते. म्हणून वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तापलेल्या खोलीपेक्षा गच्ची बरी.

या विकारावरील काही औषधांनीही झोप लांबते. ती केव्हा घ्यावीत हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद करू नयेत. मेलॅटोनिनच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत.

तुमची झोप अशीच लांबत असेल, तर दोन आठवडे वहीत रोज चार नोंदी करा : अंथरुणावर पडल्याची वेळ, झोप लागल्याची अंदाजे वेळ, उठल्याची वेळ आणि शेवटच्या चहाची वेळ. ती वही आईवडिलांना आणि डॉक्टरांना दाखवा. तुमचे घड्याळ किती मागे आहे, हे तिच्यावरून त्यांना चटकन कळेल.