सहा वर्षं अडकलेला शेवट : मालरची दुसरी सिम्फनी

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

सिम्फनी म्हणजे फक्त वाद्यं, असा आपला समज असतो. पण 1824 मध्ये बेथोवेनने नवव्या सिम्फनीच्या शेवटी थेट गायक उभे केले. त्यानंतर जो कुणी सिम्फनीत कॉयर आणेल, त्याला 'नक्कल केली' हे ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागणार होती. गुस्ताव मालरला नेमकी हीच भीती होती.

त्याने पहिला भाग 1888 मध्ये लिहिला. विषय काय, तर अंत्ययात्रा. माणूस मरतो, मग पुढे काय? प्रश्न मांडून झाला, पण उत्तर काही सुचेना. 1891 मध्ये त्याने हा भाग हान्स फोन ब्यूलो या मोठ्या कंडक्टरला पियानोवर वाजवून दाखवला. ब्यूलोने चक्क कानांवर हात ठेवले! विचार करा, ज्याला आपण मानतो त्यानेच असं केलं तर?

1893 मध्ये मधले भाग झाले, शेवट मात्र अडकलेलाच. फेब्रुवारी 1894 मध्ये ब्यूलो वारला. मार्चमध्ये हॅम्बुर्गच्या चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला मालर बसला होता. तिथे कॉयरने क्लोपस्टॉक या कवीचं पुनरुत्थानावरचं स्तोत्र गायलं, आणि मालरला शेवट सापडला. ज्याने कान झाकले होते, त्याच्याच निरोपाच्या वेळी! स्तोत्राची सुरुवातीची कडवी घेऊन पुढचे शब्द मालरने स्वतः लिहिले. त्याच उन्हाळ्यात काम पूर्ण झालं. 13 डिसेंबर 1895 ला बर्लिनमध्ये त्याने स्वतः ती संपूर्ण सिम्फनी सादर केली.

आता ऐकायचं कसं? पाच भाग, साधारण 80 ते 90 मिनिटं. पाचव्या भागात स्टेजच्या बाहेरून ब्रास वाद्यं वाजतात, लांबून कुणी हाक मारावी तशी. मध्येच बासरी, एखादा पक्षी बोलावा तशी. मग शांतता. आणि कॉयर सुरू होतो, पण इतका हळू की फोन बंद पडला की काय असं वाटावं. इथे आवाज वाढवू नका! शेवटी ऑर्गन, घंटा आणि सगळा ऑर्केस्ट्रा एकदम येतो, तेव्हा कानांचं काही खरं नाही. लोकलमध्ये तर ऐकूच नका, ती हळू सुरुवात गोंगाटात हरवते.

आजोबा गेले त्या आठवड्यात मी ही सिम्फनी पहिल्यांदा सलग ऐकली. जर्मन मला येत नाही, पुनरुत्थान वगैरेवर विश्वासही नाही. पण तो कॉयर सुरू झाला तेव्हा वाटलं, कुणीतरी ओरडून समजूत घालत नाहीये, नुसतं शेजारी येऊन बसलंय. रडू आलं, आणि बरं वाटलं.

आज रात्री दिवे बंद करा, हेडफोन लावा. निदान पाचवा भाग तरी ऐका, आणि कसा वाटला ते कळवा. भेटू पुढच्या भागात!