बेट कॉर्सिकाचे, वेळापत्रक डोंगराचे

युरोपच्या नकाशात इटलीच्या बुटाच्या डाव्या अंगाला दोन बेटे एकाखाली एक दिसतात. खालचे मोठे ते सार्डिनिया. वरचे, उत्तरेकडे बोट रोखल्यासारखे दिसणारे, ते कॉर्सिका. १७६८ मध्ये जिनोआच्या सत्तेने ते फ्रान्सच्या हवाली केले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या आजाक्सिओ गावी नेपोलियनचा जन्म झाला. आपल्या शालेय इतिहासाने करून दिलेली ओळख एवढ्यावरच संपते.

बेट म्हटले की वाळू आणि दुपारची झोप, असे चित्र डोळ्यांपुढे येते. कॉर्सिकाला वाळू भरपूर आहे. पण हे बेट म्हणजे मुळात समुद्रात उभी राहिलेली डोंगररांगच. जेमतेम १८० किलोमीटर लांब आणि ८० किलोमीटर रुंद अशा या भूमीत माँते चिंतो हे शिखर २७०६ मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटरने अधिक, आणि समुद्रापासून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर! सकाळी डोंगरात चालावे आणि संध्याकाळी समुद्रात पाय बुडवावेत, ही चैन इथे खरोखरच करता येते. ज्या घरात सुटी म्हणजे बूट काढून ठेवण्याचे नव्हे तर घालण्याचे निमित्त असते, त्या घराने या बेटाचा विचार जरूर करावा.

मात्र विचार करताना पहिली गाठ पडते ती 'जी. आर. २०' या नावाशी. उत्तरेच्या कालेंझाना गावापासून दक्षिणेच्या कोंका गावापर्यंत बेटाच्या कण्यावरून जाणारी ही सुमारे १८० किलोमीटरची पायवाट, सोळा टप्प्यांची. युरोपातल्या सर्वांत अवघड पायवाटांत तिची गणना होते. तिची छायाचित्रे पाहून घरातल्या तरुण मंडळींचे रक्त उसळते आणि बेत ठरून जातो. माझे मत विचाराल तर सहकुटुंब सुटीसाठी ही वाट सोडून द्यावी. ग्रॅनाइटच्या कातळावरून हातापायांनी चढायचे, पाठीवर आठवड्याचे ओझे, मुक्काम डोंगरातल्या आश्रयघरात किंवा त्याच्या शेजारच्या तंबूत. तेही आगाऊ आरक्षण करून, कारण वाटेत मनाला येईल तिथे तंबू ठोकायला बंदी आहे. आपल्याकडे नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्यांनी खुशाल जावे. आजी आणि पाचवीतला नातू बरोबर असेल तर नको.

त्याहून महत्त्वाची अडचण पंचांगाची आहे. आपल्या शाळांची सुटी मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. त्या वेळी कॉर्सिकाच्या उंच खिंडींत, विशेषतः उत्तरेकडे, बर्फ शिल्लक असू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये वरचा डोंगर मोकळा होतो, पण तेव्हा आपली शाळा भरलेली असते आणि खाली सारे युरोप बेटावर उतरलेले असते. गर्दी, महागाई आणि ऊन, तिन्ही एकदम. याचा अर्थ आपले नशीब वाईट असा नाही. उलट मेअखेर ते मध्य जून हा काळ बेटाच्या मधल्या उंचीवर, म्हणजे हजार मीटरच्या आसपास, चालण्यासाठी उत्तम. ओढे वाहते असतात, दिवस रात्री पावणेनऊपर्यंत लांबलेला असतो आणि 'माकी' फुललेली असते. माकी म्हणजे तिथली सुगंधी झुडपांची दाट रानवट. दुसऱ्या महायुद्धात तिच्याच नावावरून फ्रान्समधल्या भूमिगत लढवय्यांना 'माकी' म्हणू लागले.

या मधल्या उंचीवरच्या वाटांना 'मारे आ मारे', म्हणजे समुद्रापासून समुद्रापर्यंत, असे साधे नाव आहे. त्यांपैकी दक्षिणेची वाट पूर्व किनाऱ्यावरच्या पोर्तो-व्हेक्योजवळ सुरू होते आणि पश्चिमेला प्रोप्रियानोपाशी संपते. पाच-सहा दिवस पुरतात. खुणा नारिंगी रंगाच्या (जी. आर. २० च्या लाल-पांढऱ्या), आणि मुक्काम गावातल्या उतारघरांत. तिथे रात्रीचे जेवण, अंथरूण आणि सकाळचा नाश्ता मिळतो, त्यामुळे पाठीवर फक्त पाणी आणि दिवसाचे सामान. पहिला दिवस दमवणारा आहे, कारण समुद्रपातळीपासून हजारेक मीटर चढायचे असते. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांना हिशेब लगेच कळेल: आतकरवाडीपासून गड सुमारे सहाशे मीटर, म्हणजे पहिल्या दिवशी दीड सिंहगडाहूनही थोडे जास्त. पुढे वाट सौम्य होते. लेव्ही गावाजवळ कुकुरुझू नावाचे कांस्ययुगीन दगडी कोटाचे अवशेष आहेत, त्यांच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

लहान मुले असतील तर एवढेही नको. आजाक्सिओ ते बास्तिया अशी एक छोट्या रुळांची रेल्वे साधारण चार तासांत बेट ओलांडते. वाटेतला व्हेक्यो नदीवरचा पूल पॅरिसच्या मनोऱ्यावाल्या आयफेलच्या कंपनीने बांधलेला. व्हिझाव्होना स्थानकावर उतरले की बीच आणि उंच लारिसिओ पाइन वृक्षांच्या सावलीतून अर्ध्या-पाऊण तासात 'इंग्रजांच्या धबधब्या'पाशी पोचता येते. एकोणिसाव्या शतकात उन्हाळा काढायला आलेल्या इंग्रज पाहुण्यांवरून ते नाव पडले. दोन दिवस इथे, दोन दिवस कोर्त या जुन्या डोंगरी राजधानीत आणि उरलेले समुद्रावर, असा बेत कोणालाच जड जाणार नाही.

आता जरा गंभीर गोष्ट. भूमध्य समुद्राच्या उन्हाळ्यात पाऊस नसतो, हे अर्धेच खरे. किनारा कोरडा असला तरी तापलेल्या डोंगरावर दुपारी ढग जमतात आणि आपल्या वळवासारखी गडगडाटी सर कोसळते. कातळ पाणी मुरू देत नाही. घळीत पाणी बघता बघता चढते. १० जून २०१५ रोजी जी. आर. २० वरच्या 'सर्क द ला सोलित्यूद' या अवघड कड्यात पावसाने दरड कोसळून सात जण दगावले. तेव्हापासून वाट दुसरीकडून नेली आहे. १ ऑगस्ट २०१८ रोजी सोच्चा गावाजवळच्या घळीत दोरांनी उतरणाऱ्या तुकडीवर पाण्याचा लोंढा आला, त्यात सात वर्षांच्या एका मुलीसह पाच जण गेले. त्यांच्याबरोबर मार्गदर्शक होता. आणि १८ ऑगस्ट २०२२ च्या सकाळी वारा ताशी २२५ किलोमीटरपर्यंत पोचला, तंबूंवर झाडे पडली, पाच बळी गेले.

हे वाचून बेत रद्द करण्याचे कारण नाही. सकाळी सहा-सातला निघावे, दुपारी एकच्या आत मुक्काम गाठावा. हवामानखात्याचा अंदाज आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी पाहावा, उतारघराच्या मालकाने मान हलवली तर त्या दिवशी पत्ते खेळावेत. वीज कडाडू लागल्यावर नदीत डुंबू नये. उन्हाळा वाढला की वणव्याच्या भीतीने काही रानांत प्रवेश बंद होतो, त्याची सूचना रोज निघते. तिथे हुज्जत घालू नये. मदतीसाठी ११२ हा क्रमांक. बेतात दोन दिवस रिकामे सोडावेत, कारण ज्याचे परतीचे तिकीट उद्याचे असते तोच वादळात पुढे निघतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. कॉर्सिका फ्रान्समध्ये असल्याने शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि मेची गर्दी पाहता फेब्रुवारीच्या पुढे थांबू नये. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांचे ४५. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. तो घेताना डोंगरातली सुटका त्यात धरली आहे का, हे बारीक अक्षरांत शोधावे. पॅरिसहून विमानाने किंवा मार्सेय, तुलाँ या बंदरांतून रात्रीच्या बोटीने बेटावर जाता येते. बोटीचा प्रवास मुलांना जन्मभर लक्षात राहील.

शाकाहाऱ्यांची पंचाईत होते, पण उपासमार नाही. डोंगरी जेवणात डुकराचे मांस फार. त्याला पर्याय म्हणजे 'ब्रोच्यू' हे मेंढी-शेळीच्या दुधाच्या निवळीचे ताजे, मऊ चीज. त्याचा हंगाम जूनच्या सुमारास सरतो, म्हणजे आपण वेळेवर पोचतो. चेस्टनटच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा आपल्या उकडीची आठवण करून देतो. घरून खाऊ नेताना एक लक्षात ठेवावे: भारतातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवावे. भडंग, चिवडा, मेतकूट चालेल. फक्त रात्री ते तंबूबाहेर ठेवू नये, कारण कॉर्सिकाची मोकाट डुकरे कोणाचीही पिशवी परकी मानत नाहीत.