थकबाकी

2024 च्या नोव्हेंबरात ‘आई कुठे काय करते’ संपणार अशी बातमी आली आणि आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. स्टार प्रवाहवर 23 डिसेंबर 2019 ला ही मालिका सुरू झाली. त्याच महिन्यात मी बँकेतून निवृत्त झालो. म्हणजे आमचा दोघांचा गृहप्रवेश एकदमच! हिने मालिकेचं स्वागत केलं. माझं किती केलं ते विचारू नका.

मी आतल्या खोलीत कादंबरी लिहीत बसे. संध्याकाळी साडेसातला बाहेर शीर्षकगीत लागलं की आतून ओरडे, ‘‘आवाज कमी कर गं!’’ हिने पुढली सगळी वर्षं टीव्हीजवळ खुर्ची ओढून मालिका पाहिली.

बातमी ऐकून वाटलं, शेवट तरी हिच्यासोबत बघावा. पण मागचं ठाऊक नसेल तर शेवट काय कळणार? सवयीने आधी हिशेब मांडला. चौदाशेच्या वर भाग, जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा एकेक. रोज आठ तास बसलो तरी दोन महिने लागणार आणि हातात थोडे दिवस. ही म्हणाली, ‘‘अहो, सगळं कशाला? मी सांगते तेवढंच बघा.’’

मग ती मोबाइलवर जुने भाग काढून दाखवू लागली. मधले पन्नास-पन्नास भाग एका वाक्यात उरकी. इतका नेमका सारांश माझ्या कादंबऱ्यांचा कुणी समीक्षकानेही कधी दिला नाही. मूळ गोष्ट बंगाली ‘श्रीमोयी’ची. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती पंचवीस वर्षं घर सांभाळते आणि नवऱ्याचं, अनिरुद्धचं, बाहेरचं प्रकरण उघडं पडतं. पुढे घटस्फोट, मग आशुतोषशी दुसरं लग्न. मला वाटलं, ही असले खळबळीचेच भाग दाखवील. पण हिने काढलेल्या भागांत बहुतेक वेळा अरुंधती कामात असे आणि घरातलं कुणीतरी जाता जाता तिला काहीतरी बोलून जाई.

चौथ्या दिवशी मला 1992 सालचा आमचा गृहकर्जाचा अर्ज आठवला. ‘पत्नीचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं होतं. त्या काळात ही पहाटे पाचला उठून माझा डबा करी, मुलांची शाळा बघे, अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईचं सगळं करी. अर्जाखाली हिचीही सही होती, वाचून केलेली.

हे मी हिला सांगितलं. ‘‘आठवतंय मला,’’ एवढंच म्हणाली आणि पुढचा भाग लावला.

मालिकेची वेळ 2024 मध्ये दुपारवर गेली होती. 30 नोव्हेंबरला, शनिवारी, अडीच वाजता शेवटचा भाग लागला. मी हिच्याशेजारी खुर्ची घेतली, रिमोट उचलून आवाज वाढवला.

‘‘राहू द्या,’’ ही म्हणाली. ‘‘सवय झालीय कमी आवाजाची.’’

बँक एखादं बुडीत कर्ज राइट-ऑफ करते, तेव्हा पुष्कळांना वाटतं, ते माफ झालं. तसं नसतं. बँकेच्या ताळेबंदातून ते निघतं. कर्जदाराचं देणं तसंच राहतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना मी हे समजावून सांगत आलो. घरात मात्र, हिने कधी मागितलं नाही म्हणून, माझं खातं निरंक आहे असं समजून चाललो होतो.